कॅसेटमधली गाणी आणि कालची गाणी एका अल्बममध्ये कशी आणावीत

पुण्यात ऐंशी-नव्वदच्या दशकात कॉलेजात असताना ज्यांनी स्वतःची रॉक गाणी लिहिली, त्यांतले बरेच जण आज पन्नाशी-साठीत आहेत. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमींमध्ये, हॉस्टेलच्या गच्चीवर, कुणाच्या तरी सदाशिव पेठेतल्या आतल्या खोलीत ही गाणी झाली. काही कॅसेटवर उतरली, बाकीची डोक्यातच राहिली. मधे नोकऱ्या, घराचे हप्ते, मुलांची दहावी-बारावी. आता गिटार पुन्हा हातात आली आहे, नवी गाणी सुचताहेत आणि जुनं-नवं मिळून एक अल्बम करावा असं वाटतंय. जरूर करावा. या कामातला क्रम आणि खाचाखोचा खाली सविस्तर लिहितो.

एक गोष्ट मात्र मी पक्की मानतो आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: अल्बम ठरतो तो नव्या गाण्यांनी. जुन्या गाण्यांनी त्यात आपली जागा मिळवायची असते. उलटं केलं की आठवणींचा संग्रह तयार होतो. तो मित्रमंडळींना आवडतो आणि तिथेच थांबतो.

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा २०२० सालचा 'लेटर टू यू' या दृष्टीने लक्षपूर्वक ऐकावा. बारा गाण्यांपैकी तीन त्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, १९७३ चा पहिला अल्बम येण्याआधी लिहिलेली होती. बाकीची नऊ नवी. नव्या गाण्यांमागे एक ठोस कारण होतं: त्याच्या किशोरवयातल्या पहिल्या बँडमधला एक साथीदार वारला आणि त्या बँडमधला स्प्रिंगस्टीन एकटाच उरला. जुने मित्र, जुने बँड, मागे राहिलेला माणूस हा विषय नव्या गाण्यांनी मांडला, म्हणून विशीतली तीन गाणी तिथे शोभली. ती त्याने सत्तरीच्या आवाजात, सगळा बँड एका खोलीत बसवून, नव्या गाण्यांसोबतच रेकॉर्ड केली. एकास तीन हे प्रमाण मला योग्य वाटतं. जुनी गाणी निम्म्यावर गेली की तोल जातो.

आधी खोकं उघडा

माळ्यावरच्या कॅसेट थेट डेकमध्ये (कॅसेट प्लेअरमध्ये) घालू नका. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे. पुण्याच्या पावसाळ्यात बंद खोक्यात ती हमखास धरते. अशी कॅसेट वाजवली तर हेड (फीत वाचणारा भाग) खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जुन्या फिती साफ करणाऱ्या माणसाकडेच द्या. बाकीच्या कॅसेटमध्ये फितीमागचा छोटा नमद्याचा तुकडा जागेवर आहे का ते पाहा. तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. कवच स्क्रूचं असेल तर उघडून फीत दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येते. कवच चिकटवलेलं असेल तर हे काम सावकाश आणि सवयीच्या हातानेच करावं. वाजवण्याआधी फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षांचा ताण सुटतो. नव्वद मिनिटांहून मोठ्या कॅसेटची फीत फार पातळ असते, तिला जपा.

डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवत, आवाज मोनो करून ऐका. झांजेची धार जिथे सर्वांत जास्त ऐकू येते तिथे थांबा. ज्या डेकवर गाणं रेकॉर्ड झालं त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकच्या हेडचा कोन क्वचितच जुळतो, म्हणून प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. बरेच जण ही पायरी गाळतात आणि नंतर मिक्समध्ये ट्रेबल वाढवत बसतात. डॉल्बी (डेकमधली खरखर कमी करणारी सोय) लावून रेकॉर्ड केलं होतं की नाही हे आठवत नसेल तर डॉल्बी बंद ठेवूनच उतरवा. तो हिशेब नंतर संगणकावर करता येतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवा, शक्य नसेल तर ४८ वर. जोडणीच्या वायरी आणि जुन्या पद्धतीचे प्लग पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतात. जाताना डेकच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्या.

चार ट्रॅकच्या (चार आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या) मशीनवर केलेली कॅसेट साध्या डेकवर विचित्र वाजते: एका बाजूला दोन ट्रॅक, दुसऱ्या बाजूला उरलेले दोन उलटे, आणि मशीन दुप्पट वेगाचं असेल तर सगळंच निम्म्या वेगात. घाबरून कॅसेट बाद करू नका. दोन्ही बाजू उतरवून, एक बाजू संगणकावर उलटी करून, गरज असेल तर वेग दुप्पट करून चारही ट्रॅक परत मिळतात. फक्त ते एकमेकांपासून किंचित सरकतात, ते हाताने जुळवावे लागतात.

आणखी एक बाब सुराची. कॅसेटचा वेग डेकागणिक थोडा कमीजास्त असतो, त्यामुळे जुनं गाणं दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लागतं. विजेच्या घुंईवरून, म्हणजे ५० हर्ट्झवरून, वेग मोजण्याची युक्ती काही ठिकाणी सांगितली जाते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ग्रिडची वारंवारताच बरीच खालीवर होत असे, म्हणून तिच्यावर विसंबू नका. रेकॉर्डिंगमध्ये कीबोर्ड असेल तर त्याच्या सुराला प्रमाण माना. कीबोर्ड नसेल आणि तेव्हा गिटार कशावर लावली होती हे कुणालाच आठवत नसेल, तर वेगाला हात लावू नका.

निवड

सगळं उतरवून झालं की महिनाभर नुसतं ऐका. मग प्रत्येक जुनं गाणं फक्त एका गिटारवर, आजच्या आवाजात, फोनवर रेकॉर्ड करा. कॅसेट बाजूला. त्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये जे गाणं उभं राहतं ते पुढे घ्या. जुन्या रेकॉर्डिंगची जादू पुष्कळदा ड्रमरच्या जोशात किंवा त्या रात्रीच्या आठवणीत असते, गाण्यात नसते. ती परत आणता येत नाही.

नव्या गाण्यांचे विषय एका कागदावर लिहून काढा: वडिलांचं घर विकणं, टेकडी, धाकट्या भावाशी तुटलेलं बोलणं, जे काही असेल ते. जुनं गाणं यांतल्या एखाद्याशी बोलतंय का, हे पाहा. विशीतलं घर सोडण्याचं गाणं आणि पन्नाशीतलं घर रिकामं करण्याचं गाणं शेजारी ठेवलं की दोन्ही मोठी होतात. नुसतं सुरेख आहे म्हणून घेतलेलं जुनं गाणं अल्बममध्ये पाहुण्यासारखं बसून राहतं.

हक्कांचा कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तालमीच्या आधी उरका. गाण्याचे शब्द आणि चाल हा एक हक्क, आणि त्याचं ठरावीक रेकॉर्डिंग हा दुसरा. जुनी कॅसेट एखाद्या कंपनीने काढली असेल तर ते रेकॉर्डिंग बहुधा तिच्या मालकीचं असतं आणि त्यातले दहा सेकंदही परवानगीवाचून वापरता येत नाहीत. शब्द-चाल तुमची असेल आणि तुम्ही ती लिहून दिलेली नसेल, तर गाणं नव्याने गायला मोकळीक आहे. लिहून दिली असेल तर करार शोधा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असं धरलं जातं. ही तरतूद १० मे १९९५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीतली आहे, त्याआधीच्या करारांना ती लागू नाही. करार हाती असेल तर या विषयातल्या वकिलाला एकदा दाखवाच.

खरी गुंतागुंत असते ती बँडमध्ये. मुखडा तुमचा, अंतरा बासवाल्याचा, रिफ तिसऱ्याचीच. जो अमेरिकेत आहे त्यालाही फोन करा, आणि जो आता नाही त्याच्या घरी स्वतः जा. कुणाचा वाटा किती हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्री टिकवायला याहून चांगला उपाय नाही. तोच वाटा पुढे आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे) गाणं नोंदवताना लागतो. गीतकार आणि संगीतकार म्हणून तिथे सभासद नसाल तर व्हा.

पट्टी आणि शब्द

इथे घाई करू नका, अल्बमचा जीव इथे आहे.

विशीत जो सूर ओरडून लागायचा तो आज लागत नाही, किंवा लागला तरी गळा ताणून लागतो, आणि ऐकणाऱ्याला तो ताणच ऐकू येतो. पट्टी उतरवा. त्यात कमीपणा काही नाही, उलट पन्नाशीनंतर खालच्या सुरांना जे वजन येतं ते विशीत कुणाकडेच नसतं. किती उतरवायची हे सर्वांत वरच्या सुरावरून ठरवू नका. ज्या सुरांवर गाण्याचे बहुतेक शब्द पडतात, ते तुमच्या बोलण्याच्या आवाजाच्या जवळ आले की पट्टी बरोबर. वरचा एखादा सूर राहिला तर चालीतच तिथे वळण बदला.

पट्टी उतरली की गिटार बदलते. समजा गाणं पांढरी तीनमध्ये (ई) होतं आणि त्याची सगळी ताकद खालच्या मोकळ्या तारेच्या घुमण्यात होती. पांढरी दोनमध्ये (डी) आणताना तुम्ही नुसत्या कॉर्ड बदलल्या तर ते घुमणं जातं. त्याऐवजी सहाही तारा दोन अर्धस्वर खाली लावा आणि हात तेच ठेवा. तारा सैल पडतात, म्हणून दहाच्या ऐवजी अकराचा, म्हणजे जाड तारांचा, सेट घाला आणि गिटार एकदा सेटअप करून आणा. एवढ्याने गाणं गडद होतं. फार अंधारलं असं वाटलं तर दुसरी गिटार कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चाप) लावून वरच्या जागी वाजवा.

लय मोजा. जुन्या कॅसेटमध्ये पहिल्या मुखड्याची आणि शेवटच्या मुखड्याची लय वेगवेगळी मोजली तर विशीतला बँड किती पळत सुटायचा ते कळेल. आजची लय ठरवताना क्लिक (कानात ठरावीक ठोका देणारा आवाज) लावू नका. शब्द मोठ्याने, न गाता, गिटारवर वाचा. श्वास जिथे सहज येतो ती लय.

आता शब्द. जुन्या गाण्यात त्या काळातल्या वस्तू असतात. उदाहरणादाखल अशी ओळ घ्या: 'रात्री अकरानंतर पाव दराने तुझा आवाज'. बाहेरगावी स्वस्तात फोन करायला रात्री एसटीडी बूथच्या रांगेत उभं राहिलेल्याला ती लगेच कळते, विशीतल्या मुलाला नाही. तरी ती बदलून तिथे मोबाइल आणू नका. पाव दराची वाट पाहणं हेच त्या गाण्याचं प्रेम आहे. ज्याला संदर्भ कळत नाही त्यालाही थांबणं कळतं.

बदलायचं ते वेगळं असतं: जे वाक्य आज तुमच्या तोंडून खरं वाटत नाही ते. 'मला कुणाचीच गरज नाही' हे बावीसाव्या वर्षी छाती काढून म्हणता येतं. पंचावन्नाव्या वर्षी, दोन ऑपरेशनं झाल्यावर आणि एक घर उभं केल्यावर, ते पोकळ लागतं. तिथे 'मला कुणाचीच गरज नव्हती' करून पाहा. एक मात्रा वाढते, ती 'नव्ह' झटकन उच्चारून सामावते, चाल मोडत नाही. आणि पूर्ण गाणं न बदलता गाणारा बदलतो. अशा एक-दोन जागा प्रत्येक जुन्या गाण्यात सापडतात. त्याहून जास्त बदलावंसं वाटलं तर ते गाणं सोडा आणि त्या विषयावर नवं लिहा.

गळ्याची तयारी किमान दीड-दोन महिने आधी सुरू करा. रोज, नव्या पट्टीत, थोडा वेळ. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर काढे पीत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

साथीदार आणि तालीम

जुन्या बँडला बोलवावं का? बोलवावं, पण एका अटीवर: ते नवी गाणीही वाजवणार असतील तरच. जुन्या गाण्यांना जुना बँड आणि नव्यांना भाड्याचे वादक असं केलं की अल्बमचे दोन तुकडे होतात. ज्याने वीस वर्षांत काठ्या हातात घेतल्या नाहीत अशा ड्रमरला तीन महिने द्या, तेवढ्यात हात येतो. पुण्यात तरुण ड्रमर उत्तम आहेत. एखादा घेतलात तर त्याला जुनी कॅसेट ऐकवू नका. त्याला तुमचं गिटार-आवाजाचं फोनवरचं रेकॉर्डिंग द्या. त्याच्या डोक्यात ते गाणं आजचंच राहतं.

तालमीत जुनी आणि नवी गाणी एकाआड एक वाजवा. जुन्यांची उसळी नव्यांत शिरते, नव्यांचा संयम जुन्यांत. हे आपोआप होतं, त्यासाठी तास द्यावे लागतात एवढंच.

रेकॉर्डिंग

शक्य असेल तर ड्रम, बास आणि एक गिटार एकत्र, एका खोलीत, एकाच आठवड्यात रेकॉर्ड करा. तोच ड्रमसेट, त्याच जागी, तेच माइक, जुन्या-नव्या सगळ्या गाण्यांना. जुनं-नवं एकजीव करणारी ही सर्वांत मोठी गोष्ट, आणि मिक्समध्ये कितीही कष्ट केले तरी ती नंतर आणता येत नाही. स्टुडिओ तासावर घेण्यापेक्षा सलग शिफ्टवर घ्या. माइक लावण्यात आणि ड्रम सुरात लावण्यात पहिला अर्धा दिवस जातो आणि जायलाच हवा.

आवाज घरी रेकॉर्ड करणार असाल तर पुण्याचं वेळापत्रक लक्षात घ्या. गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून नदीकाठी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि त्याचा खालचा ठोका बंद खिडक्यांतूनही माइकमध्ये येतो. एप्रिल-मे मध्ये पहाटे कोकिळा असते. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाऊ शकते, आधी चौकशी करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारची वेळ सर्वांत शांत. साध्या खोलीत संवेदनशील कंडेन्सर माइकपेक्षा चांगला डायनॅमिक माइक बरा: खोलीचा पोकळपणा कमी येतो आणि वयाने खरखरलेल्या आवाजाला तो शोभतो. तोंडापासून चार बोटं अंतर ठेवा आणि सगळ्या गाण्यांना तेच ठेवा. एका दिवसात दोन गाणी, फार तर तीन. जुनी संपेपर्यंत त्यांत एक जुनं, बाकी नवं.

जुन्या कॅसेटचा तुकडा वापरायचा मोह होईल. अख्ख्या अल्बममध्ये एकदाच वापरा. आणि वापरलात तर खरखर काढू नका. नॉइज रिडक्शन खरखरीसोबत झांज आणि खोलीची हवाही खाऊन टाकतं. जुना ट्रॅक चांगला असेल तर त्यावर आजचा आवाज गाऊन अख्खं गाणंही उभं राहू शकतं. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचा १९८१ चा 'टॅटू यू' बहुतांशी आधीच्या वर्षांत अर्धवट राहिलेल्या ट्रॅकवर नव्याने गाऊन तयार झाला. तो ऐकताना तुकडे जोडल्याचं जाणवत नाही, कारण बहुतेक मिक्स एका हाताने, एका दृष्टीने केलं आहे.

मिक्स, मास्टर, क्रम

सगळी गाणी एकाच माणसाला मिक्स करू द्या आणि आवाजाला एकच रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) ठेवा. मास्टरिंगला (मिक्सनंतरच्या अखेरच्या संस्काराला) गाणी सुटी पाठवू नका, अख्खा अल्बम क्रमाने पाठवा. स्पॉटिफाय वजा १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास पातळी आणतं, म्हणून त्याहून खूप मोठा आवाज ठोकून भरण्यात अर्थ नाही. ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत वरचं टोक) वजा १ डीबीच्या खाली ठेवा. अल्बम सलग ऐकला जातो तेव्हा गाण्यांमधला आपसातला मोठा-हळू फरक तिथे जपला जातो, त्यामुळे हळू गाणं हळूच राहू द्या.

क्रम लावताना पहिली दोन गाणी नवी ठेवा. ऐकणाऱ्याला आधी आजचा माणूस भेटू दे. पहिलं जुनं गाणं तिसऱ्या किंवा चौथ्या जागी. जुनी गाणी लागोपाठ नकोत. शेवटचं गाणं नवंच हवं, याबाबत मी हट्टी आहे. विनाइल रेकॉर्ड काढायचा विचार असेल तर एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास थांबा आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवा. तबकडीच्या आतल्या खाचांत झणझणीत आवाज फाटतो. 'टॅटू यू'ची पहिली बाजू जवळजवळ सगळी जोरकस आणि दुसरी संथ आहे. तुमच्याकडे दोन्ही प्रकारची गाणी भरपूर असतील तर तीही मांडणी करून पाहावी.

प्रकाशनाआधी

नव्याने गायलेल्या जुन्या गाण्याला नवा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा) क्रमांक लागतो, जुन्या रेकॉर्डिंगचा वापरू नका. डिस्ट्रिब्युटर (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) बहुधा तो स्वतःच देतो. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर तुमचीच गाणी दोन कलाकारांच्या नावाखाली विभागली जातात. श्रेयनामावलीत प्रत्येक गाण्यापुढे ते कधी लिहिलं ते वर्ष द्या, आणि जुन्या गाण्यांपुढे तेव्हाच्या बँडमधल्या सगळ्यांची नावं, ज्याने फक्त अँप्लिफायर वाहून आणला त्याचंही.

पहिला कार्यक्रम लहान जागी ठेवा, शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या, जिथे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचतात. अल्बम त्याच क्रमाने, सलग वाजवा. जुन्या मित्रांच्या फर्माइशी त्यानंतर घ्या.

आणि मूळ फाइल्स जपा. सुटे ट्रॅक, मिक्स, कॅसेटवरून उतरवलेले कच्चे आवाज हे सगळं डब्ल्यूएव्हीमध्ये, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत, आणि एक प्रत क्लाउडवर. सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक गाण्याची पट्टी, गिटारचं ट्यूनिंग, कॅपोची जागा आणि लय लिहून ठेवा. मूळ कॅसेट टाकू नका. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, उभ्या ठेवा, आणि दर पावसाळ्यानंतर पुड्या बदला.